दाराजवळची खुर्ची

“रॉजर, दार!”

नोराबाईंचा आवाज आला की मी उठायचो. घास कधी हातात असायचा, कधी तोंडात. दार उघडायचं, बर्फावरून आलेला वारा अंगावर घ्यायचा, कोण आहे ते पाहायचं आणि पुन्हा येऊन बसायचं. तोवर ताटलीतल्या रश्श्यावर चरबीचा पांढरा थर जमलेला असायचा.

माझं नाव रॉजर नाही, रावजी कोयंडे. देवगडच्या खाडीपलीकडचे आम्ही दर्यावर्दी गाबीत. इंग्रजांच्या जहाजावर खलाशी म्हणून गेलो होतो. न्यूयॉर्कला पोचलो तो तापानं फणफणत. जहाज मला बंदरावर उतरवून निघून गेलं. बरा झाल्यावर मी तिथंच गोदीत शिडं शिवायच्या कामाला लागलो. तिथल्या मुकादमाला रावजी म्हणायला जमेना, म्हणून त्यानं मला रॉजर केलं आणि तेच नाव सगळीकडं झालं.

गावी परतल्यावर लोक विचारायचे, “आबा, अमेरिका कशी आहे?” मी सांगायचो, “थंड.” पुढं पुतणसुनेनं, सत्यभामेनं, या वयात मला अक्षरं शिकवली आणि म्हणाली, “आबा, नुसतं थंड म्हणून भागायचं नाही. काय झालं ते लिहा.” म्हणून ही एका संध्याकाळची गोष्ट लिहितो. त्या संध्याकाळमुळं मी तिथं पुढची वीसएक वर्षं राहिलो, नाहीतर त्याच वसंतात परत आलो असतो. तिथं सगळे मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे आणि सगळ्यात मोडकं माझं होतं. इथं मात्र सगळ्यांना आपल्या भाषेत बोलायला लावलं आहे.

नोराबाई आयर्लंडच्या. बटाट्याचं पीक कुजून लोक उपाशी मरत होते तेव्हा लहान असताना आल्या. पुढं नवऱ्याबरोबर गोदीजवळच्या गल्लीत आपल्या घरी भाडेकरू ठेवू लागल्या आणि विधवा झाल्यावरही ते चालू ठेवलं. वर चार पलंग, खाली जेवायचं लांब टेबल. टेबलाच्या एका टोकाला लोखंडी चूल, दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उघडणारं दार. बसण्याचा नियम असा, की या देशात जो आधी आला तो चुलीजवळ आणि जो शेवटी आला तो दाराजवळ. दार उघडायचं, कोळसा आणायचा, ही कामं शेवटच्याची. नवीन माणूस आला की सगळे एकेक खुर्ची वर सरकणार.

चुलीला पाठ लावून एर्न्स्ट बसायचा. जर्मन. लाकडी पिंपं करायचा आणि स्वतःही पिंपासारखा होता. त्याच्या शेजारी हाल्वर, नॉर्वेचा सुतार. तो दिवसाला चार-पाच वाक्यं बोलायचा आणि ती सगळी एर्न्स्टला डिवचायला वापरायचा. मग एक रिकामी खुर्ची. मग मी.

त्या रिकाम्या खुर्चीनं माझा जीव खाल्ला. ती माझ्या हाताच्या अंतरावर होती आणि तिथपर्यंत चुलीची ऊब पोचायची. मी एकदा हळूच तिच्यावर बसून पाहिलं, तर एर्न्स्टनं चमचा खाली ठेवला.

“तुझ्यामागून कुणी आलंय?”

“नाही.”

“मग?”

मी परत दाराशी.

नियम देशात येण्याचा धरायचा की घरात येण्याचा, हा वादही एर्न्स्टनंच पूर्वी मिटवलेला. तो या घरात हाल्वरच्या नंतर आला होता. पण आल्या दिवशीच त्यानं सांगितलं, “मी चोपन साली बोटीतून उतरलो. तेव्हा हा गाईंच्या मागं फिरत असेल.” असं म्हणून तो चुलीशी जाऊन बसला तो बसलाच. चौथा पलंग रिकामा होता. त्यावर त्याची रविवारची टोपी झोपायची.

जेवताना त्याचं एकच बोलणं. “फार माणसं यायला लागली. रोज बोटी भरभरून. कुणीही उठतं आणि येतं. आम्ही आलो तेव्हा निवडक माणसं यायची.”

“तुला कुणी निवडलं?” हाल्वर विचारायचा.

“यायला धाडस लागायचं, धाडस!”

“बरोबर. आणि सासरा मागं लागलेला असला की आणखी लवकर येतं.”

त्या टेबलावर नव्या माणसांची बाजू घेणारा मी एकटा. मी तावातावानं बोलायचो, “येऊ द्या की! एवढा मोठा देश आहे. गरीब माणसं आहेत, जातील कुठं?” नोराबाई कौतुकानं म्हणायच्या, “रॉजरचं मन मोठं आहे.” माझं मन मोठं वगैरे काही नव्हतं, मला थंडी वाजत होती. माझ्या मागून एक माणूस यायला हवा होता, बस. तो चोर असता तरी चाललं असतं.

पहिला हिवाळा मी कसाबसा काढला. छातीत कफ भरला, उजव्या कानानं ऐकू येईना, तो दाराच्या बाजूचा कान. दुसरा हिवाळा सुरू झाला तेव्हा मी मनाशी ठरवलं, की नाताळपर्यंत कुणी आलं तर ठीक, नाहीतर वसंतात पहिलं जहाज मिळेल त्यावरून घर गाठायचं. मुंबई, तिथून देवगड. पण गावी मला परत जायचं नव्हतं. आई गेलेली. भावानं माझ्या वाट्याच्या होडीला स्वतःचं निशाण लावलेलं. इथं गोदीत निदान शिड शिवणारा म्हणून मला चार माणसं ओळखत होती. तेव्हा माझं सगळं एका खुर्चीवर येऊन ठेपलं होतं.

दर रविवारी मी कॅसल गार्डनच्या फाटकाशी उभा राहायचो. परदेशातून आलेली माणसं तिथं उतरायची. मी ओरडायचो, “खोली आहे! गरम जेवण आहे! चूल आहे!” चूल माझ्यापर्यंत पोचत नाही हे सांगत नव्हतो. पण ज्याला गाठावं त्याचा कुणीतरी मामा न्यायला आलेला. स्वीडनची एक अख्खी वाडीच्या वाडी उतरली, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत. त्यांतल्या एकाला मी बाजूला ओढलं. तो म्हणाला, “आम्हाला मिनेसोटाला जायचंय.”

“तिथं फार थंडी असते,” मी म्हणालो.

“म्हणूनच तर चाललोय,” तो म्हणाला. “गावासारखं वाटेल.”

असल्या माणसाला काय सांगणार!

मग एक दिवस शर्ट टाकायला मी कोपऱ्यावरच्या चिनी धोब्याच्या दुकानात गेलो. तिथं इस्त्री करायला एक नवा माणूस दिसला. पाठीवर लांब वेणी, वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटकुळा. मागं भट्टीवर इस्त्र्या तापत ठेवलेल्या. तो एक गार झालेली ठेवायचा, दुसरी उचलायचा.

“नवीन का?” मी विचारलं.

“इथं नवीन,” तो म्हणाला.

मला तेवढंच ऐकायचं होतं. “राहायला कुठं?”

त्यानं इस्त्रीनंच टेबलाखाली दाखवलं. तिथं एक गोधडी होती. “मालकाचे तीन पुतणे आलेत पश्चिमेकडून. त्यांच्या वस्तीला लोकांनी आग लावली. चौघं झोपतो. टेबल एक.”

“दुसरीकडं खोली का बघत नाहीस?”

तो माझ्याकडं बघत राहिला, मी वेडा आहे की काय अशा नजरेनं. “विचारून झालं. या रस्त्याला, त्या रस्त्याला. माझी वेणी बघतात आणि दार लावतात.”

त्याच वर्षी तिथल्या सरकारनं चिनी मजुरांना देशात येऊ द्यायचं नाही असा कायदा केला होता. तो कायदा मला ठाऊक होता, एर्न्स्टनं तो तीनदा वाचून दाखवला होता. पण माझ्या डोळ्यांपुढं रिकामी खुर्ची होती. मी म्हणालो, “आमच्या घरी चल. मी लावून देतो.”

त्याचं नाव मोय सिंग. शनिवारी संध्याकाळी धुतलेला अंगरखा घालून, गोल टोपी हातात धरून तो आला. दार अर्थात मीच उघडलं. बाहेर भुरभुरत होतं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हती. नोराबाई कुणालाही भाडेकरू म्हणून एकदम ठेवत नसत. आधी एक जेवण पाहुणा म्हणून. त्या वेळी प्रत्येकानं त्याला काय विचारायचं ते विचारायचं. जेवण संपलं, की ज्याला तो माणूस नको असेल त्यानं तोंडानं काही बोलायचं नाही, आपली ताटली पालथी घालायची. एक जरी पालथी पडली तरी पाहुण्यानं निघायचं. तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून नोराबाईंच्या नवऱ्यानं काढलेली ही पद्धत. मी आलो तेव्हा माझ्यासाठीही असंच जेवण झालं होतं, पण सगळ्या ताटल्या सरळ राहिल्या, मग मला कळणार कसं? आणि माझ्यामागून कुणी आलंच नव्हतं.

नोराबाईंनी मोयला मधल्या खुर्चीवर बसवलं. “आज कुणी उठायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पाहुणा आहे.”

एर्न्स्टनं बटाटा काट्यावर धरला आणि मोयच्या वेणीकडं बघत बसला. हाल्वरनं सुरुवात केली. “काम काय?”

“इस्त्री.”

“घोरतोस?”

“कधी ऐकलं नाही.”

हाल्वर खूश झाला. एवढं नेमकं बोलणारा माणूस त्याला त्या घरात पहिल्यांदाच भेटत होता. त्यानं पावाची टोपली मोयकडं सरकवली.

नोराबाईंनी विचारलं, “दारू?”

“नववर्षाला. आमच्या नववर्षाला.”

“म्हणजे आमच्या नववर्षाला पिणार नाही ना? छान.”

माझी पाळी आली. मी मुद्दाम मोठ्यानं, एर्न्स्टला ऐकू जाईल असं विचारलं, “अजून इथली थंडी सवयीची झाली नसेल ना? नवीनच आहात.” माझा विचार असा, की हा नवा आहे, हा शेवटचा आहे, हे सगळ्यांच्या मनात पक्कं व्हावं.

मोय म्हणाला, “या शहरात नवीन. देशात एक्कावन सालापासून.”

चमचे थांबले.

“कुठल्या सालापासून?” हाल्वरनं विचारलं. त्याला नीट ऐकू आलं होतं. त्याला ते एर्न्स्टला पुन्हा ऐकवायचं होतं.

“एक्कावन. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा. सोनं दुसऱ्यांना सापडलं. मग मी रेल्वेचे रूळ टाकले, मग स्वयंपाक केला, मग इस्त्री.”

हाल्वरनं बोटांवर मोजलं. “एक्कावन. आणि चोपन.” तो एर्न्स्टकडं वळला. “एर्न्स्ट, उठ बाबा. पाहुण्यांना चुलीशी बसू दे.”

एर्न्स्टचा चेहरा त्याच्या मागच्या चुलीसारखा झाला. “तो भाडेकरू नाही अजून!”

“झाल्यावर म्हणतोय मी.”

“या देशात आला म्हणजे... त्याच्या लोकांना कायद्यानं...”

“एक्कावन साली कायदा नव्हता,” हाल्वर म्हणाला. “नियम तुझाच आहे. देशात आधी कोण आला.”

मीही मनातल्या मनात हिशेब केला. मोय चुलीशी. एर्न्स्ट त्याच्या खाली. हाल्वर मधल्या खुर्चीवर. आणि मी जिथल्या तिथं. शिवाय टेबल भरल्यामुळं आता आशाही नाही. खरं सांगतो, जेवणावरची वासनाच उडाली. ज्या माणसाला मी हाताला धरून आणलं, तो माझ्यापेक्षा तीस वर्षं आधी येऊन बसलेला निघाला! आणि मी चांगला सावळा माणूस, स्वतःला कुणी परका म्हटलं की रागावणारा, पण याची वेणी बघून मला वाटलं होतं की हा कालच उतरला असेल.

तरी मी जेवलो. अन्नावर राग काढायची आमच्याकडं रीत नाही. पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून लख्ख केली. एरवी मी ती मागल्या दारी बादलीत धुऊन तिथंच ठेवायचो, पण आज उठायचं नव्हतं. म्हणून आमच्या गलबतावर करतात तसं केलं. गलबतावर जेवण झालं की ताटली पालथी घालतात. सरळ ठेवली तर लाटेसरशी घसरते आणि खारं पाणी साचतं. लहानपणापासून हाताला लागलेली सवय. टिनची ताटली मी उलटी केली आणि टेबलावर ठेवली. टण्‌ असा आवाज झाला.



नोराबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. “रॉजर?”

“काय?”

“तू? सगळे सोडून तू?”

एर्न्स्टनं आपला हात स्वतःच्या ताटलीवरून काढून घेतला. तो तिथं केव्हा गेला होता मी पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडावर ऊन पडलं. “बघा! मी काही बोललो का? जो नेहमी म्हणतो येऊ द्या, येऊ द्या, त्यालाच नको झालाय.”

मोय उठला. त्यानं टोपी घेतली, नोराबाईंना वाकून नमस्कार केला. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. टेबलाभोवतीचे चेहरे वाचायला तो तीस वर्षं शिकला होता.

“अहो पण झालं काय?” मी विचारलं.

हाल्वरनं मला तो ताटलीचा नियम सांगितला. एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकता मला घाम फुटला. दाराजवळ बसून मला पहिल्यांदाच घाम फुटला.

“पण मला कुणी सांगितलंच नाही!” मी ताटली उचलून सरळ केली. “ही घ्या. सरळ. आमच्या गलबतावर अशीच ठेवतात, घसरू नये म्हणून!”

“इथं कुठं लाटा आल्या?” एर्न्स्ट म्हणाला. “पालथी पडली ती पडली. पुन्हा सरळ करता येत नाही. नाहीतर जो तो पालथी-सरळ करत बसेल. आणि ज्याची ताटली, त्यानंच पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं. तुला तर लांब जायलाही नको.”

नोराबाईंनी मान खाली घातली. नियम त्यांच्या नवऱ्याचा होता. तो गेल्यापासून त्यांनी त्यात काही बदललं नव्हतं.

मी दार उघडलं. मोय बाहेर पडला आणि मीही त्याच्या मागं पायरीवर आलो. दार आपोआप लागलं.

“तूच आणलंस, तूच काढलंस,” मोय म्हणाला. “दुसऱ्या कुणाला तसदी दिली नाहीस.”

मी त्याला गलबत सांगितलं, लाट सांगितली, खारं पाणी सांगितलं. तो ऐकून घेत होता. त्याच्या टोपीवर बर्फ जमत होता. मग तो हसायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

“आमच्याकडं जेवण झालं की खायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवतात,” तो म्हणाला. “आज काड्या नव्हत्या ते बरं. माझं मीच स्वतःला बाहेर काढलं असतं.”

“आता कुठं जाशील?”

“टेबलाखाली. पाय बाहेर राहतात, पण डोकं आत असतं.”

तो पायरी उतरला. त्याचे पाय बर्फात घोट्यापर्यंत गेले. त्याच्या पायात कापडी जोडे होते.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. ती चांगली होती की वेडेपणाची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, “मोय, थांब.” आणि दार ठोठावलं.

आतून कुणी येईना. पुन्हा ठोठावलं. आत नोराबाईंचा आवाज आला, “रॉजर, दार!” रॉजर बाहेर होता. मग एर्न्स्टचा आवाज, “हाल्वर, आता शेवटचा तू आहेस.” मग हाल्वर नॉर्वेच्या भाषेत काहीतरी बोलला. दार उघडलं, वारा त्याच्या दाढीत शिरला.

“खोली मिळेल का?” मी विचारलं.

“कुणाला?”

“दोघांना. आधी या मोय सिंगना. त्यांच्यामागून मला.”

एर्न्स्ट ओरडला, “हा काय पोरखेळ!”

“पोरखेळ नाही,” मी उंबऱ्याबाहेरूनच बोललो. “मी हे घर सोडलं. माझा पलंग सोडला, खुर्ची सोडली. आता मी या घरचा भाडेकरू नाही. जो भाडेकरूच नाही त्याची ताटली सरळ असो की पालथी, तिला काय अर्थ? दोन पलंग रिकामे आहेत. आम्ही दोन पाहुणे आहोत.”

बोलून झालं आणि मग माझ्या ध्यानात आलं, मी केवढं पणाला लावलं ते. कारण आता एर्न्स्टनं नुसता हात उलटा केला, तर मोयबरोबर मीही रस्त्यावर. टेबलाखाली पाचवा माणूस मावत नव्हता.

नोराबाई दाराशी आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मोयच्या जोड्यांकडं पाहिलं. “या,” त्या म्हणाल्या. “पाहुण्यांना बाहेर उभं ठेवायची आमच्यात पद्धत नाही. रश्शात अजून बटाटे आहेत.”

पुन्हा सगळे बसलो. नोराबाईंनी सगळ्यांना पुन्हा वाढलं. एर्न्स्टनं नॅपकिन गळ्यात खोचला आणि माझ्याकडं न्यायाधीशासारखं पाहिलं.

“आपलं नाव?”

“रावजी कोयंडे.”

“काय?”

“रॉजर.”

“आपण या देशात का आलात?”

“जहाज सोडून गेलं म्हणून.”

“आपल्याला काय येतं?”

“शिडं शिवता येतात. दार उघडता येतं.”

हाल्वर म्हणाला, “मला एकच विचारायचंय. जेवणानंतर ताटली पालथी घालता का?”

“घालत होतो,” मी म्हणालो. “परवडत नाही.”

नोराबाई हसल्या, पण एर्न्स्ट हसला नाही. त्यानं ताटलीतला शेवटचा घास संपवला आणि ताटलीच्या कडेला बोटं लावली. त्याच क्षणी नोराबाईंनी त्यात एक मोठा बटाटा घातला, वर पळीभर रस्सा.

“झालं माझं,” एर्न्स्ट म्हणाला.

“तुमच्या आवडीचा, मऊ शिजलाय.”

एर्न्स्टला अन्न टाकवत नसे. तो खाऊ लागला. ताटली रिकामी व्हायला आली की नोराबाईंची पळी हजर. भरलेली ताटली पालथी कशी घालणार? एक बटाटा, दुसरा बटाटा. एर्न्स्टच्या कपाळावर घाम आला. शेवटी तो पट्टा सैल करत म्हणाला, “नोराबाई, हा अन्याय आहे.”

“तुम्ही आलात त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा हात ताटलीवर गेला होता,” नोराबाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणत होते, जर्मन माणूस जेवून घर रिकामं करेल. मी त्यांना किती बटाटे वाढले ते मलाच माहीत. बिचारे दोन दिवस आडवे होते.”

हाल्वरनं दाढीत तोंड लपवलं.

“हे मला कधी सांगितलं नाहीत,” एर्न्स्ट म्हणाला.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

एर्न्स्टनं काटा खाली ठेवला. ताटलीत अर्धा बटाटा राहिला होता. तो त्यानं तसाच राहू दिला. मग जड अंगानं उठला, चुलीजवळची खुर्ची मागं सरकवली आणि मोयकडं न बघता म्हणाला, “बसा. नियम आहे.”

मोय जागचा हलला नाही. “तिथं नको.”

“का नको?”

“दिवसभर भट्टीशीच असतो. सकाळपासून अंगातून पाणी गळतं. पुन्हा संध्याकाळी चुलीशी?” त्यानं हात केला. “मला ती द्या. दाराजवळची.”

इतका वेळ त्याला कुठं बसायला आवडेल, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एर्न्स्ट धपकन आपल्या खुर्चीत बसला आणि ती मोडणार असं हाल्वरला वाटलं. मोय उठताच मी एका उडीत मधली खुर्ची धरली. काय सांगू! पाठीला ऊब. गुडघ्यांना ऊब. उजव्या कानात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि नोराबाईंच्या किटलीचा आवाज त्या कानाला ऐकू आला. वसंतात कुठलं जहाज नि कसलं जहाज! मी इथं मरेपर्यंत बसणार होतो.

मोयनं दाराजवळच्या खुर्चीत बसून दोन्ही पाय लांब केले, अंगरख्याचं वरचं बटण सोडलं. मग हात मागं नेऊन दार वीतभर उघडलं.

“एवढं चालेल ना?” त्यानं विचारलं. “जीव गुदमरतो नाहीतर.”

आताच त्याला घरात घेतला होता, नाही कोण म्हणणार? आणि वाऱ्याचीही गंमत बघा. तो मोयच्या डोक्यावरून अल्लाद निघाला आणि नेमका माझ्या त्याच उजव्या कानात शिरला.

“वर सरकलास बाबा,” हाल्वर म्हणाला.

मी काही बोलणार तेवढ्यात त्या उघड्या फटीतून एक डोकं आत आलं. काळ्या मिशा, मिशांना बर्फ, खांद्यावर दोरीनं बांधलेली पेटी. इटलीचा असावा. पाठीमागं रस्त्यात एक बाई उभी होती, तिनं शाल कपाळापर्यंत ओढली होती.

“माफ करा, दार उघडं दिसलं,” तो म्हणाला. “जागा आहे का?”

“जागा नाही!” मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ओरडलो. “घर भरलं! आता कुणाला घेता येणार नाही!”

एर्न्स्टनंही तोंड उघडलं होतं, पण माझा आवाज ऐकून ते त्यानं मिटलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मोयसुद्धा. मी माझी रिकामी ताटली जवळ ओढली.

नोराबाईंनी रश्शात पळी घातली, आतला सगळ्यात मोठा बटाटा शोधून काढला आणि काही न बोलता माझ्या ताटलीत वाढला.